लोकलमध्ये अनोळखी माणसाचं रक्त हाताला लागलं, तेव्हापासून एचआयव्हीची भीती जात नाही

भांडुप_स्लो | १२ जून, रात्री ११:५२

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसतं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. लांबेल, पण घरात याबद्दल कोणाशीच बोललेलो नाही, म्हणून सगळंच लिहितो.

पाच आठवड्यांपूर्वीची गोष्ट. सकाळची स्लो, नेहमीसारखी खच्चून भरलेली. मी दारातल्या मधल्या खांबाला धरून उभा होतो. घाटकोपरला एक माणूस पत्र्याच्या डब्यांचं गाठोडं घेऊन चढला. चढताना पत्र्याने त्याचा तळहात कापला असावा, त्याचं त्यालाही कळलेलं दिसलं नाही. कुर्ल्याला गर्दीचा रेटा आला तसा माझा हात खांबावरून घसरून खाली गेला आणि बोटांना काहीतरी ओलं, कोमट लागलं. पाहिलं तर रक्त. माझ्या तर्जनीच्या नखाशेजारचं सालपट आदल्या रात्री मी दाताने ओढलं होतं, ती जागा लाल होती. रक्त नेमकं तिथेच.

दादरला उतरलो, जिन्याखाली बाटलीतल्या पाण्याने हात धुतला, ऑफिसात गेल्यावर साबणाने धुतला. दुपारी कामात विसरूनही गेलो. रात्री जेवताना एकदम आठवलं. मोबाइल हातात घेतला तो पहाटे तीनला ठेवला.

तेव्हापासून माझं काही खरं नाही. दिवसातून पंचवीस-तीस वेळा हात धुतो, वर डेटॉल. हाताला चिरा पडल्यात, आता त्या चिरांचीच भीती वाटते. बायकोला सांगितलं की पाठ दुखते, म्हणून हॉलमध्ये झोपतो. मुलगी अडीच वर्षांची आहे, ती धावत आली की मी काहीतरी निमित्त काढून उठतो. तीन वेळा वेगवेगळ्या लॅबमध्ये तपासणी केली, १२व्या, २२व्या आणि ३३व्या दिवशी. तिन्ही निगेटिव्ह. रिपोर्ट हातात पडला की तासभर बरं वाटतं, मग डोक्यात येतं, लवकर केली असेल तर? नमुना बदलला असेल तर?

कोणी डॉक्टर, नर्स असाल तर खरं काय ते सांगा. धीर देण्यासाठी खोटं सांगू नका.

कुर्ला_पूर्व | १३ जून, सकाळी ७:१०

भाऊ, मी डॉक्टर नाही, पण वाचून पोटात कालवलं. आधी झोप घ्या. जाणकार लिहितीलच.

काळजी_घ्या_७२ | १३ जून, सकाळी ८:३५

आजकाल सांगता येत नाही हो. मध्यंतरी मेसेज आला होता, अननसवाल्याचं बोट कापलं, त्याला एड्स होता आणि एका लहान मुलाने ते अननस खाल्लं. थिएटरच्या खुर्चीत सुया टोचून ठेवतात असंही ऐकलंय. तपासण्या करत राहा, सहा महिने तरी.

जुनी_सिस्टर | १३ जून, दुपारी २:०५

काळजी_घ्या, तुम्ही आपुलकीने लिहिलंत हे कळतं, पण तो अननसाचा मेसेज मी माझ्या नोकरीत कितीतरी वेळा ऐकला. दर वेळी फळ वेगळं आणि गाव वेगळं. खाण्याच्या पदार्थावर पडलेल्या रक्तातून एचआयव्ही होत नाही. खुर्चीतल्या सुईची गोष्टही अशीच फिरणारी. कृपया पुढे पाठवू नका, या धाग्यावर एक माणूस महिनाभर झोपलेला नाही.

आता भांडुप_स्लो, तुझ्यासाठी. अरे-तुरे करते, माझा मुलगा तुझ्याच वयाचा असेल.

मी ३४ वर्षं पालिकेच्या रुग्णालयात स्टाफ नर्स होते, त्यातली १९ लेबर रूममध्ये. २०१९ ला निवृत्त झाले. मी लागले तेव्हा एचआयव्हीचा विषाणू सापडून दोनच वर्षं झाली होती, तो १९८३ ला सापडला. भारतात पहिल्या केसेस १९८६ ला चेन्नईत कळल्या, डॉ. सुनिती सॉलोमन यांच्या कामातून. त्या काळात आमच्याकडे एकदा वापरून टाकायचे ग्लोव्हज नव्हते. वापरलेले ग्लोव्हज धुवायचे, दोरीवर वाळत घालायचे, तोंडाशी पिळून फुगवायचे आणि कुठून हवा जाते का ते गालाजवळ धरून बघायचं. मग आतून-बाहेरून पावडर लावून, जोड्या जुळवून ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राला, पाठवायचे. इतकं करूनही एखादं भोक सुटायचं. ते कळायचं बाळंतपणाच्या ऐन मध्यात, ग्लोव्हच्या आत बोटाला कोमट लागलं की. तू लिहिलंस ना, "ओलं, कोमट", ते वाचून मला माझीच बोटं आठवली. साबण-सोड्याने आमच्या हातांनाही चिरा असायच्या. बाई कोण, कुठली, तिची तपासणी झालीय का, काही माहीत नसायचं. माझ्याबरोबरच्या एकीलाही तसल्या लागण्याने एचआयव्ही झाला नाही.

हे का, ते सांगते. विषाणूला शिरायला आपल्या रक्तातल्या ठरावीक पेशी लागतात. धड कातडीतून तो आत जाऊ शकत नाही, अजिबात नाही. त्याच्यावर चरबीचं पातळ आवरण असतं, ते साबणाने फाटतं. शरीराबाहेर पडून रक्त वाळायला लागलं की त्याची लागण करण्याची ताकद झपाट्याने जाते. एचआयव्ही पसरतो तो असुरक्षित संबंधातून, एकमेकांच्या सुया वापरल्याने, दूषित रक्त चढवल्याने, आणि आईकडून बाळाला गर्भात, प्रसूतीत किंवा अंगावरच्या दुधातून. एवढे रस्ते. खांब, नळ, नोटा, डास, संडास, घाम, थुंकी हे त्यात येत नाहीत.

खोटं सांगू नका म्हणालास, म्हणून हेही सांगते. फाटलेल्या कातडीवर रक्त लागून लागण झाल्याच्या नोंदी जगात अगदी मोजक्या आहेत, आणि त्या रुग्णालयात काम करणाऱ्यांच्या, भरपूर रक्ताशी संबंध आलेल्या. खांबावरचं रक्ताचं पुसट बोट आणि नखाशेजारचं सालपट ही ती गोष्ट नव्हे. माझ्याकडे ड्यूटीवर कोणी हे घेऊन आलं असतं तर मी हात धुवायला लावून घरी पाठवलं असतं.

बोरिवली_लॅब | १३ जून, रात्री ९:२०

सिस्टरांना शंभर टक्के अनुमोदन. मी लॅब टेक्निशियन आहे, माझा स्वतःचा अनुभव लिहितो, म्हणजे धोका कशाला म्हणतात ते समजेल.

२०१४ ला एका एचआयव्ही पॉझिटिव्ह पेशंटचं रक्त काढताना सुई माझ्या डाव्या अंगठ्यात गेली. पोकळ सुई, आत ताजं रक्त, खोल टोचलेली. पांढरा ग्लोव्ह आतून लाल होत गेलेला अजून डोळ्यांपुढे आहे. वाहत्या पाण्याखाली अंगठा धरला (पिळायचा नसतो, पिळून उलट इजा वाढते), साबण लावला आणि थेट कॅज्युअल्टी गाठली. दोन तासांच्या आत पहिली गोळी घेतली. याला पेप म्हणतात, पूर्ण कोर्स २८ दिवसांचा. ७२ तासांच्या आत सुरू करावा लागतो, जितका लवकर तितका उपयोग, ७२ तासांनंतर काही फायदा नाही. मळमळ, विचित्र स्वप्नं, सगळं झालं. तपासण्या निगेटिव्ह आल्या.

आता आकडे. अशी सुई टोचली, समोरचा पॉझिटिव्ह आहे आणि गोळ्या घेतल्या नाहीत, तरी लागण होते हजारात साधारण तिघांना. डोळ्यात किंवा तोंडात रक्त उडालं तर हजारात एकापेक्षा कमी. हे समोरचा नक्की पॉझिटिव्ह असताना. देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण हजारी साधारण दोन आहे आणि त्यातले बरेच जण औषधावर असल्याने त्यांच्या रक्तात विषाणू सापडतसुद्धा नाही. भाऊ, तुमच्या खांबाचा हिशेब करायला गेलं तर आकडाच उरत नाही.

एक मात्र सांगतो. रक्ताला जपायचंच असेल तर ते हेपेटायटिस बी साठी, म्हणजे विषाणूने होणाऱ्या एका काविळीसाठी. तो विषाणू वाळलेल्या रक्तातही आठवडाभर तग धरतो, आणि लस न घेतलेल्याला दूषित सुई टोचली तर शंभरात सहा ते तीस जणांना होऊ शकतो. त्याला लस आहे, तीन डोस. अर्ध्या मुंबईला एचआयव्हीची धास्ती आहे आणि हेपेटायटिस बी ची लस घेतली का विचारलं की लोक तोंडाकडे बघतात. मला याची खरोखर चीड येते.

भांडुप_स्लो | १४ जून, रात्री १:१४

सिस्टर, बोरिवली_लॅब, तुमचे किती आभार मानू. तुमचे प्रतिसाद स्क्रीनशॉट काढून ठेवलेत. काल रात्री वाचले तेव्हा छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

पण खरं सांगतो, पाऊण तास टिकलं. मग वाटायला लागलं की त्या माणसाच्या रक्तात विषाणू खूप जास्त असेल तर? सालपट मला वाटलं त्याहून खोल असेल तर? त्या बोटाचा मी दुसऱ्या दिवशी फोटो काढला होता, तो झूम करून बघत बसलो.

आणि तो माणूस दिसायला तसाच होता. बारीक, गालफडं बसलेली, मळका शर्ट. ते राहून राहून डोळ्यासमोर येतं.

लालबागची_शमा | १४ जून, सकाळी ११:४०

"तसाच" म्हणजे कसा, हे विचारावंसं वाटलं. रागाने विचारत नाही. तुमची अवस्था कळते आहे, पण या शब्दाने माझं बालपण वर आलं.

आमची लालबागला चाळीत दहा बाय बाराची खोली होती. १९९७ ला माझ्या धाकट्या काकाला एचआयव्ही निघाला. कसा झाला, आम्ही कोणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. घरात कोणी मोठ्याने काही बोललं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून त्याचं ताट वेगळं झालं. अॅल्युमिनियमची थाळी, काठाला एक पोचा आलेला. ती मोरीत न ठेवता गॅलरीत खिडकीखाली पालथी ठेवायची. आजी ती राखेने घासायची आणि घासून झालं की स्वतःच्या हाताकडे बघत बसायची. मजल्यावर बातमी पसरली तेव्हा नळावर आमच्या हंड्याच्या पुढेमागे कोणी हंडा लावेना. मी दहा वर्षांची. माझ्याबरोबर लगोरी खेळायला यायच्या त्या मुली यायच्या बंद झाल्या.

काका आधी चांगला अंगापिंडाने भरलेला होता. बारीक झाला तो आजाराने आणि जेवण सोडल्याने. त्या थाळीत वाढलेलं त्याच्या घशाखाली उतरायचं नाही. १९९९ ला गेला. सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीची औषधं मोफत मिळायला लागली १ एप्रिल २००४ पासून, आणि मुंबईत त्याची सुरुवात जेजे रुग्णालयात झाली. लालबागहून जेजे किती लांब आहे? टॅक्सीने पंधरा मिनिटं. आमचं पाच वर्षांनी चुकलं.

त्या खोलीत आम्ही सात जण राहायचो. एकच मोरी, एकच नळ. काकाचं ब्लेड, काकाची टाचणी लागलेली बोटं, खोकताना ओठ फुटून आलेलं रक्त आईने पदराने पुसलेलं, सगळं मी पाहिलंय. आमच्यापैकी कोणालाही काही झालं नाही.

विक्रोळी_निनावी | १४ जून, रात्री १०:३०

हा आयडी आजच काढला. नेहमीच्या आयडीने इथे बरीच वर्षं आहे, पाककृतींवर आणि क्रिकेटवर लिहितो, त्या नावाने हे लिहू शकत नाही.

मला २००९ ला एचआयव्ही असल्याचं कळलं. आज माझं वजन ८२ किलो आहे, दर रविवारी मैदानावर खेळतो, कंपनीत पंधरा जण माझ्या हाताखाली आहेत. रोज रात्री जेवणानंतर एक गोळी, सरकारी एआरटी केंद्रातून (एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र) मोफत मिळते. वर्षातून एकदा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासतात. बरीच वर्षं तो सापडण्याच्या पातळीखाली आहे. याचा अर्थ नीट सांगतो, कारण लोकांना हे माहीतच नाही. औषध नियमित घेऊन व्हायरल लोड सापडत नसेल आणि तसाच टिकला असेल, तर त्या माणसाकडून लैंगिक संबंधातूनही जोडीदाराला लागण होत नाही. मोठमोठ्या अभ्यासांतून हे सिद्ध झालंय. माझी बायको निगेटिव्ह आहे. मुलगी निगेटिव्ह आहे, यंदा पाचवीत गेली.

भांडुप_स्लो, मीही मध्य रेल्वेनेच जातो. कदाचित तुमच्याच डब्यात असतो. माझ्याकडे पाहून तुम्हाला काही वाटणार नाही आणि त्या गाठोडेवाल्याकडे पाहून वाटलं. त्याला एचआयव्ही आहे असं मानायला तुमच्याकडे एकही कारण नाही, फक्त तो गरीब दिसत होता.

दोन दिवस हा धागा वाचतोय. सगळ्यांनी रक्ताचं विचारलं. त्या माणसाच्या हाताचं काय झालं? पत्र्याने तळहात कापला की टाके लागतात, धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं. दादरला उतरून त्याला कोणी फडकं दिलं का, की तसाच दिवसभर डबे उचलत राहिला?

हे तुम्हाला टोचून बोलण्यासाठी लिहिलेलं नाही. सुरुवातीच्या वर्षात मीही असाच हात धुवायचो, माझं रक्त दुसऱ्याला लागेल या भीतीने. दाढी करताना कापलं तर बेसिन चार वेळा धुवायचो, मुलगी झाल्यावर तिची नखं कापायला मी कात्री धरत नव्हतो. ती भीती कशी असते ते मला चांगलं ठाऊक आहे.

भांडुप_स्लो | १५ जून, सकाळी ६:०२

विक्रोळी_निनावी, तुमचा प्रतिसाद चार वेळा वाचला. उत्तर काय द्यावं कळत नाही. नाही, मी त्याच्या हाताकडे पाहिलंच नाही. माझ्या हाताकडे बघत उतरलो. तो आत होता की उतरला तेही आठवत नाही.

शमाताई, "तसाच" लिहिलं ते चुकलं. खोडणार नाही, राहू दे तिथे.

माहीम_समुपदेशक | १५ जून, दुपारी ४:१८

मी समुपदेशक आहे, काही वर्षं एका आयसीटीसीत काम केलं आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आयसीटीसी म्हणजे सरकारी रुग्णालयांतलं एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्र. केईएम, नायर, सायन, जेजे सगळीकडे आहे. तपासणी मोफत, तुमच्या संमतीशिवाय होत नाही, आणि निकाल गुप्त ठेवणं २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बंधनकारक आहे. फोनवर विचारायचं असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

भांडुप_स्लो, तुमची वैद्यकीय शंका सिस्टर आणि बोरिवली_लॅब यांनी पुरती मिटवली आहे. मी दुसऱ्या गोष्टीबद्दल लिहिते. तुमच्यासारखी माणसं आयसीटीसीत नेहमी यायची. धोका शून्य, तरी पाचव्या-सहाव्या तपासणीला आलेली. खिशात सगळ्या लॅबचे रिपोर्ट घड्या घालून, घड्यांवर कागद फाटायला आलेला. ही माणसं खोटारडी नव्हती की वेडी नव्हती. त्यांना त्रास होताच, खूप होता. तो एचआयव्हीचा नव्हता एवढंच.

तुम्हीच लिहिलंत पाहा, रिपोर्टनंतर तासभर बरं वाटतं, प्रतिसाद वाचून पाऊण तास. शंका आली, तपासणी केली, बरं वाटलं, शंका परत आली. हात धुणं, फोटो झूम करणं, रात्री शोधत बसणं, इथे पुन्हा विचारणं, हे सगळं त्याच चक्रात येतं. दर वेळी मेंदूला एकच कळतं, की धोका मोठाच असणार, नाहीतर हा इतकं का करतोय. याला ओसीडी (तीच शंका आणि तीच कृती परत परत होत राहण्याचा मानसिक आजार) म्हणतात की आजाराची चिंता, ते मी इथून ठरवणार नाही, मानसोपचारतज्ज्ञ भेटून ठरवतील. दोन्हींवर उपाय आहेत. एका उपचारपद्धतीत भीतीच्या गोष्टीला थोडं थोडं सामोरं जायचं आणि नंतरची ती कृती, म्हणजे धुणं, तपासणं, विचारणं, करायची नाही, असं ठरवून शिकवतात. गरज पडली तर गोळ्याही देतात. मोठ्या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी असते, केसपेपर काढून थेट जाता येतं. रात्री फारच झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६.

तपासणीबद्दल एकदाच सांगते, पुन्हा विचारलंत तर उत्तर देणार नाही, आणि तेही तुमच्यासाठीच. तुमच्या प्रसंगाला तपासणीची गरजच नव्हती. खराखुरा धोका झालेल्या माणसासाठी चौथ्या पिढीची (विषाणूचा अंश आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडं दोन्ही शोधणारी) लॅबमधली तपासणी ४५ दिवसांनी निर्णायक मानतात, साध्या रॅपिड तपासणीला ९० दिवस. हे इतर वाचकांसाठी लिहिलं. तुम्ही ४५वा दिवस कॅलेंडरवर खुणावून ठेवू नका.

आणि बायकोला सांगा. ती काय समजत असेल, पाच आठवडे तुम्ही बाहेर झोपताय तर?

ऐरोलीची_आई | १६ जून, सकाळी ९:४५

विषयाला धरूनच आहे म्हणून विचारते. परवा आमच्या इथे खड्ड्यात बाईक घसरून एक मुलगा पडला, डोक्यातून रक्त. माझ्या मुलाने (वय १७) रुमाल दाबून धरला, रिक्षात घालून नेलं. सासूबाई त्याला तेव्हापासून बोलताहेत की कोणाचं कसलं रक्त, कशाला हात लावलास. मुलगा काही बोलत नाही, पण गप्प झालाय. आणि सलूनच्या वस्तऱ्याचं काय?

जुनी_सिस्टर | १६ जून, दुपारी १:३०

ऐरोलीची_आई, आधी त्या पोराच्या पाठीवरून हात फिरवा आणि सांगा की एका म्हाताऱ्या नर्सने शाबासकी दिलीय. डोक्याची जखम भळभळा वाहते, दाबून धरणं हेच पहिलं काम, तेच त्याने केलं. हात साबणाने धुतले की विषय संपला. त्याच्या हाताला उघडी ताजी जखम असेल किंवा डोळ्यात रक्त उडालं असेल तर गोष्ट थोडी वेगळी, मग त्याच दिवशी रुग्णालयात दाखवायचं. पुढच्या वेळी सोपं म्हणजे हातात प्लॅस्टिकची पिशवी उलटी घालायची आणि दाबायचं. भाजीची पिशवी चालते. लोकलच्या अपघातातल्या माणसांना हमालांनी आणि स्टेशनवरच्या पोरांनी तसंच उचलून आणलेलं मी कितीदा पाहिलंय.

सलूनमध्ये दर गिऱ्हाइकाला नवीन ब्लेड लावायला सांगायचं, समोर पाकीट फोडायला लावायचं. ते मुख्यतः हेपेटायटिससाठी. सासूबाईंना हेही सांगा की रक्तपेढीतलं रक्त एचआयव्ही, हेपेटायटिस बी आणि सी या दोन्ही काविळी, गुप्तरोग (सिफिलिस) आणि मलेरियासाठी तपासल्याशिवाय दिलं जात नाही. त्यांच्या काळात लोक रक्त चढवायला घाबरायचे, ती धास्ती मनात राहिली असेल.

काळजी_घ्या_७२ | १६ जून, सायंकाळी ७:००

सिस्टर, तो अननसाचा मेसेज मी तीन ग्रुपवर टाकला होता. तिन्हीकडे चुकीचा आहे म्हणून लिहिलंय. विक्रोळी_निनावी, तुमचं वाचून फार वाईट वाटलं, माझ्या हातून असे मेसेज किती गेले असतील.

विक्रोळी_निनावी | १६ जून, रात्री १०:५५

लिहिलंत तेवढं पुरे आहे हो.

भांडुप_स्लो | २५ जुलै, रात्री ९:३७

बरेच दिवस आलो नाही. माहीम_समुपदेशक यांनी सांगितल्याप्रमाणे धाग्यापासून लांब राहिलो होतो. स्क्रीनशॉट पुसून टाकले, बोटाचा फोटोही.

त्याच आठवड्यात बायकोला सगळं सांगितलं. तिला काय वाटत होतं ते लिहित नाही, पण समुपदेशकताई, तुमचा अंदाज खरा होता. ती रडली, मग चिडली, मग रात्री अकरा वाजता चहा केला. दुसऱ्या दिवशी तीच केसपेपर काढायला माझ्याबरोबर रांगेत उभी राहिली. डॉक्टरांनी ओसीडी सांगितलं. लहानपणी परीक्षेला जाताना मी कुलूप परत परत ओढून बघायचो, ते त्यांनी विचारल्यावर आठवलं. गोळी सुरू आहे आणि आठवड्याला एक सेशन. चौथी तपासणी केली नाही. ४५वा दिवस गेला, त्या दिवशी खूप त्रास झाला, पण गेला.

हात धुणं अजून दहा-बारा वेळा होतं. लोकलमध्ये खांब धरतो. पहिल्या दिवशी भांडुपपासून कांजूरमार्गपर्यंतच धरला होता, मग सेशनमध्ये ठरवल्याप्रमाणे एकेक स्टेशन वाढवत गेलो.

काल मुलगी सोसायटीच्या आवारात पडली, गुडघा सोलवटला. माझ्या हाताला अजून चिरा आहेत. मनात आलं, माझं तिला लागलं तर? बायको स्वयंपाकघरातून बघत होती, पुढे आली नाही. मीच धुतलं, मीच पट्टी लावली. माझा हात थरथरत होता, मुलीला वाटलं मी फुंकर घालताना हलतोय. नंतर हात धुतले, एकदा.

गाठोडेवाला परत दिसला नाही. घाटकोपरला बघतो रोज.

बोरिवली_लॅब, हेपेटायटिस बी चा पहिला डोस घेतला, बायकोनेही.

जुनी_सिस्टर | २६ जुलै, सकाळी ८:१२

वाचून डोळे भरून आले रे. सकाळी सकाळी ह्यांना वाचून दाखवलं.

हाताच्या चिरांना रात्री झोपताना साधं खोबरेल चोळ आणि वरून सुती मोजे घाल, आठवड्यात फरक पडेल. पहिला डोस कधी घेतलास? दुसरा एका महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. कार्डावर तिन्ही तारखा लिहून घे, लोक तिसरा विसरतात.

भांडुप_स्लो | २६ जुलै, सकाळी ८:४०

३० जूनला. कार्ड फ्रिजवर लावलंय, बायकोने तिसऱ्या तारखेला लाल पेनाने गोल केलाय.